साडूभाऊ आणि नॉर्वेचं ऊन

सूर्याशी ज्याचं वैयक्तिक वैर आहे असा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. सूर्याला याची कल्पना नसावी. पण साडूभाऊंनी आपल्या बाजूने गेली बावीस वर्षं हे वैर इमानेइतबारे सांभाळलं आहे. दुबईत ऊद मेथाला त्यांच्या इमारतीखाली पार्किंगची हक्काची जागा आहे. तिथे दुपारी दोन तास ऊन येतं, म्हणून ते गाडी तीन गल्ल्या पलीकडे एका उंच इमारतीच्या सावलीत लावतात आणि तिथून घरापर्यंत भर उन्हातून चालत येतात. "अहो, गाडी थंड राहिली, पण तुम्ही भाजून निघालात की," असं मी एकदा म्हणालो. त्यावर रुमालाने मान पुसत ते शांतपणे म्हणाले, "माणसाला घाम येतो राव. गाडीला येतो का?" कप्पाळ!

जबल अलीला ते एका गोदामाचे मॅनेजर आहेत. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्या माणसांना रांगेत उभं करून हजेरी घ्यायची आणि पाच मिनिटं सुरक्षिततेवर बोलायचं, हा तिथला रिवाज. रिवाज चांगलाच आहे. फक्त तो गोदामातच राहायला हवा होता. साडूभाऊ कुटुंबाला घेऊन आइस्क्रीम खायला निघाले तरी आधी बॉनेटसमोर हजेरी होते. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची सख्खी बायको, लग्नाला वीस वर्षं उलटली तरी आपलं नाव पुकारलं की मुकाट्याने "येस" म्हणते. मग डिकीत पाण्याचे खोके चढतात. चार किलोमीटरच्या वर कुठेही जायचं असेल तर माणशी सहा बाटल्या, असा त्यांचा हिशेब आहे. "वाळवंट आहे राव, सांगता येत नाही," असं ते म्हणतात. वाटेत अकरा सुपरमार्केट लागतात, हे मी सांगणं सोडून दिलंय.

इथे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते. साडूभाऊंचा या कायद्यावर जितका जीव आहे तितका कुणाचा देवावर नसेल. त्यांच्या घरात त्या वेळात गॅलरीतले कपडेही कुणी काढत नाही.

अशा माणसाने मे महिन्यात मला फोन करून सांगितलं, की आपण नॉर्वेला डोंगर चढायला जातोय. मला वाटलं, ऊन लागलं शेवटी. पण भानगड वेगळी होती. त्यांची मुलगी सई ऑगस्टमध्ये शिकायला कॅनडाला जाणार होती. शाळेत असताना तिने हट्ट धरला होता, की मला खराखुरा हिरवा डोंगर चढायचाय, तुझ्याबरोबर. ते तिला दर वर्षी "इन्शाल्ला, पुढच्या सुट्टीत" म्हणायचे आणि दर वर्षीची सुट्टी साताऱ्याला आईवडिलांच्या दुखण्यात जायची. "राव, पोरगी एकदा गेली की पाहुणी," ते फोनवर म्हणाले. "एकदा तिच्याबरोबर माथ्यावर उभं राहायचंय. बास, एवढंच." मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही दोघंही चला. गाडीत लोड नीट बसेल."

तर असा आम्हा पाच जणांचा लोड जूनमध्ये नॉर्वेत उतरला. हवा नऊ डिग्री. साडूभाऊंनी भाड्याच्या गाडीची काच झाकायला दुबईहून चंदेरी पडदा आणला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धबधबे कोसळत होते आणि त्यांच्या मधून आम्ही पाण्याचे खोके वाहून नेत होतो. गाडी लावताना ते सावली शोधायचे, आणि त्या सावलीत बर्फ असायचा. दोन्ही बहिणी शाली गुंडाळून एकमेकींकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. माझ्या बायकोचा संयम वाखाणण्यासारखा आहे. तो माझ्या बाबतीत कुठे जातो कोण जाणे. डोंगराच्या पोटातून मैलोन्‌मैल जाणारे बोगदे मात्र साडूभाऊंना मनापासून आवडले. "याला म्हणतात रस्ता," ते म्हणाले. नॉर्वेत त्यांनी केलेली ही पहिली स्तुती.

पण खरा घोळ घातला तो साडेबारा ते तीनने. रोज आम्ही एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी साडेबाराच्या सुमाराला पोचायचो, आणि हे महाशय गाडी थांबवून काचा वर करायचे. "नियम म्हणजे नियम." बाहेर लख्ख आकाश. गोरी पोरं हाफ पँटीत टणाटण उड्या मारत वर जायची आणि आम्ही आत बसून चकल्या खायचो. बरोबर तीनला ढग येत आणि धो धो पाऊस सुरू होई. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सईचा बांध फुटला. "बाबा, इट्स नाइन डिग्रीज! अँड धिस इज माय लास्ट ट्रिप विथ यू!" साडूभाऊ काचेतून त्या डोंगराकडे बघत बसले.

शेवटच्या दिवशी हवामानाच्या ॲपवर दुपारी एक ते चार एवढंच आकाश मोकळं दाखवत होतं. बरोबर साडेबाराला साडूभाऊ बॉनेटसमोर उभे राहिले. हजेरी घेतली. घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "यल्ला, चला." बावीस वर्षांत पहिल्यांदाच नियम मोडला होता गड्याने. मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

बहिणी थर्मास घेऊन खालच्या बाकावर बसल्या आणि आम्ही तिघं निघालो. तासभर छान चढलो. मग झाडी संपली आणि वाट एका कड्याच्या अंगाने अरुंद होत वर गेली. डावीकडे थेट खाली डोंगरात शिरलेला समुद्र, निळा आणि भलताच दूर. साडूभाऊ एका दगडाला पाठ लावून खाली बसले. "पाण्यापाशी कुणीतरी थांबायला पाहिजे," ते म्हणाले. पाणी म्हणजे तीन बाटल्या होत्या.

"कम ऑन बाबा, जस्ट हाफ ॲन अवर." सईने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. त्यांचे दोन्ही हात दगडाला घट्ट चिकटले होते.

"नाही गं जमणार मला," ते म्हणाले. "भीती वाटते. उंचीची. पहिल्यापासून वाटते."

आणि मला एकदम लक्षात आलं, की अल रीमला आमच्या एकोणतिसाव्या मजल्यावरच्या घरी हा माणूस इतक्या वेळा येऊन गेला, पण खिडकीजवळ एकदाही आला नाही. ऊन येतं म्हणायचा.

सई त्यांच्या शेजारी बसली. "देन आय ॲम ऑल्सो नॉट गोइंग."

"खुळी की काय!" साडूभाऊ कडाडले. "मग आणलंय कशाला तुला इथे? जा. ढग येतील. जा म्हणतो ना!" तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती गेली.

साडूभाऊंनी डोळे गच्च मिटून घेतले. "राव, दिसतेय का?"

"दिसतेय. उभ्या चढाला लागलीय."

"पाय नीट टाकतेय ना?"

"अगदी नीट."

"दम लागलाय का तिला?"

"छे, हरणासारखी चाललीय."

बराच वेळ असं चाललं. मी जे दिसतंय ते सांगत होतो आणि ते मिटल्या डोळ्यांनी चढत होते. शेवटी मी म्हणालो, "पोचली. माथ्यावर उभी आहे."

ते मग हळूच म्हणाले, "मागे वळून बघितलं का तिने?"

सईची पाठ होती आमच्याकडे. हात पसरून ती पलीकडचे डोंगर बघत होती. एकदाही वळली नव्हती. अठरा वर्षांच्या पोरीने वळावं तरी कशाला?

"बघितलं ना," मी म्हणालो. "हात करतेय तुम्हाला."

साडूभाऊंनी दगडावरचा एक हात सोडवला, वर केला आणि डोळे मिटलेलेच ठेवून कितीतरी वेळ हलवत राहिले. दिशा जरा चुकली होती.