निळ्या फ्लॉपीवरची फाइल

आमच्या आर्णीत त्या काळी कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, फॉरमॅट. मशीन हळू चालतं, मारा फॉरमॅट. प्रिंटर कागद ओढत नाही, मारा फॉरमॅट. एका दवाखान्यात तर माउसच्या पोटातली गोळी हरवली म्हणून कोणीतरी अख्खं मशीन पुसून दिलं होतं, आणि वर डॉक्टरांचा चहा पिऊन गेला होता. डोकं दुखतं म्हणून मुंडकं उडवणारे हे वैद्य गल्लोगल्ली झाले होते. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता. तो अजून गेलेला नाही, फक्त हल्ली त्यात मी स्वतःलाही धरतो.

बस स्टँडजवळ बी-बियाण्यांच्या दुकानावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीनं, एक पंखा आणि खालून वर येणारा फवारणीच्या औषधाचा वास. कापसाची वाट लागलेली ती वर्षं. दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेरून कोणती तरी समिती यायची, पांढऱ्या गाड्या बांधावर उभ्या राहायच्या, साहेब लोक बोंड हातात धरून फोटो काढायचे आणि जेवण कुठं बरं मिळतं ते विचारायचे. त्यांचे अहवाल माझ्याकडे टाइप व्हायचे. एका साहेबांनी पुसदचा अहवाल उघडायला लावून गावाचं नाव तेवढं बदलायला सांगितलं, आणि झाला आर्णीचा अहवाल तयार. मी मनात हसलो आणि बदलून दिलं. दुसऱ्यांना हसायला मला कधीच कमी पडलं नाही.

मी फॉरमॅटवाला नव्हतो. मी बिघाड शोधणारा माणूस, अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझाच हात मोठा होता. कॉम्प्युटरच्या पोटात एक फोल्डर असतो. त्यात शेकडो लहानलहान फायली असतात आणि सगळे प्रोग्राम त्या वाटून वापरतात. लग्नघरची भांडी असतात ना, तशा. ज्याची पंगत त्यानं घ्यायची आणि परत ठेवायची. त्यातली एखादी नसली की एखादा प्रोग्राम अडून बसतो, अमुक फाइल सापडत नाही म्हणतो. मग लोक माझ्याकडे यायचे आणि मी माझ्या मशीनमधून ती फाइल उचलून एका निळ्या फ्लॉपीवर घालून द्यायचो. आर्णीत ही रीतच. ट्रॅक्टरचा पार्ट नवा घेणं म्हणजे उधळेपणा. भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा काढायचा, ठोकून बसवायचा, बसला की आपला. तीच रीत मी कॉम्प्युटरला लावली होती. त्या फ्लॉपीवर मी स्केचपेननं 'संजीवनी' असं लिहिलं होतं. आज हे सांगताना कान गरम होतात.

दसरा होऊन दोन-अडीच आठवडे झाले असतील. गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीतून बोलावणं आलं. तिथल्या कॉम्प्युटरवर कापसाच्या गाडीची मराठीत पावती निघायची, कोणाची गाडी, कोणत्या गावची, किती वजन. ते मशीन दोन दिवसांपासून बसलं होतं आणि फाटकाबाहेर बैलबंड्या आणि ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. पावत्या हातानं लिहिणं चालू होतं. माणसं बंड्यांखाली अंग टाकून पडली होती.

मशीनवर बसायची ती माझीच विद्यार्थिनी. तिचे वडील डिझेल इंजनाचे मेकॅनिक, माझी स्कूटरही त्यांच्याच हातावर चालायची. मुलगी बी.कॉम. झालेली, आणि त्यांच्या मोहल्ल्यातून कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसलेली पहिलीच. क्लासमध्ये ती फारसं बोलायची नाही, पण मी सांगितलेला शब्द न् शब्द वहीत उतरवायची, माझे विनोदसुद्धा. त्या दिवशी ती खुर्चीवर नव्हती. भिंतीला टेकून उभी होती.

खुर्चीवर मॅनेजरचा भाचा होता. हा मॅनेजर म्हणजे फॅक्टरीमालकाचा मेहुणा, आणि मेहुणेपण सोडलं तर त्याच्या अंगी दुसरी कोणतीही लायकी मला कधी दिसली नाही. भाचा वणीहून आणलेला, तिशीचा, कोणत्याच कामाला न टिकलेला. त्याच्या खिशात फॉरमॅटची सीडी तयार होती. आधी इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग बरोबर नाही म्हणून गेला होता, आणि त्याच्या शब्दाखातर ऑफिसमागं खड्डा खोदून त्यात मीठ न् कोळसा भरून झाला होता. मॉनिटरवर दसऱ्याची सुकलेली माळ अजून लटकत होती. पूजेच्या वेळी कोणीतरी इतक्या भक्तीनं हळदीकुंकू उधळलं होतं की ते कीबोर्डच्या खालीसुद्धा गेलं होतं. यंत्राची पूजा करायची आणि यंत्राला विचारायचं मात्र काहीच नाही, ही आपली पद्धत.

मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "हिनंच काही केलं का, तेवढं सांगा मास्तर. हिनं केलं असन तं उद्यापासून माहा भाचा बसन."

म्हणजे मला मशीन पाहायला बोलावलं नव्हतं, निकाल द्यायला बोलावलं होतं. तिलाही ते ऐकू गेलं, ऑफिस होतंच केवढं. मला त्या माणसाचा असा राग आला की मी ठरवून टाकलं, ही पोरगी निर्दोष आहे हे याच्या तोंडावर सिद्ध करायचं.

मशीन सुरू व्हायचं नीट. फायली दाखवणारी खिडकी उघडली की एक क्षण फोल्डर दिसायचे, आणि कशावर क्लिक करण्याआधीच चौकट यायची, या प्रोग्रामनं चुकीचं काम केलं आहे, म्हणून तो बंद करत आहोत. की खिडकी गायब. पुन्हा उघडा, पुन्हा तेच. पावत्या सगळ्या आत शाबूत होत्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा दरवाजाच उघडत नव्हता. भाचा म्हणाला व्हायरस आहे. मी त्याला उठवलं.

फालतू प्रोग्राम बाजूला ठेवून, अगदी कमीत कमी सामानावर मशीन सुरू करून पाहिलं. तरी खिडकी मिटलीच. म्हणजे दुखणं वरवरचं नव्हतं, सगळ्यांच्या वापरातल्या त्या भांड्यांतच काहीतरी वेगळं आलं होतं. मग काळ्या स्क्रीनवर जाऊन मी त्या फोल्डरची यादी तारखेनुसार लावली. मूळ फायली सगळ्या एकाच तारखेच्या आणि एकाच वेळेच्या असतात, कारण त्या एकाच सीडीवरून येतात. यादी सरकत गेली, तीच तारीख, तीच वेळ, पानभर. आणि मधेच एक फाइल वर्षभर पुढच्या तारखेची. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मॅनेजर तेव्हा वजनकाट्यावर गेला होता, भाचा पान खायला. मी तिच्याकडे वळून म्हणालो, ही कोणत्या गाढवानं आणून इथं कोंबली?

ती हळूच म्हणाली, "तुमच्या फ्लॉपीतली हाय सर. निळ्या."

मग मला आठवलं. तीनच दिवसांपूर्वी ती क्लासवर आली होती, आणि मी विसरूनही गेलो होतो. पावतीचा प्रोग्राम एक फाइल सापडत नाही म्हणत होता. नेमके माझ्याकडे दोन साहेब बसले होते, आणि आपण किती झटपट इलाज करतो हे त्यांना दाखवायची मला हौस आली. तिचं मशीन कोणत्या आवृत्तीचं, हेही विचारलं नाही. फ्लॉपी दिली आणि बियाण्याच्या जाहिरातीच्या पाठीवर चिठ्ठी लिहून दिली. ती फाइल खरं तर त्या पावतीच्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायची होती, बाकी कोणाला हात न लावता. मी लिहिलं होतं ते सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायला. तिथं त्याच नावाची जुनी फाइल होतीच. प्रोग्रामला ती जुनी म्हणून चालत नव्हती, म्हणून तो फाइल सापडत नाही म्हणत होता. माझी फाइल नव्या आवृत्तीतली. तिच्या शेजारच्या सगळ्या जुन्या. खिडकी उघडताना ही नवी आपल्या सोबतिणींना जे मागायची ते त्यांच्याकडे नव्हतंच, आणि सगळा डोलारा खाली यायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी हे क्लासमध्ये शिकवत होतो. तिच्या वहीत असणार.

आणखी एक गोष्ट त्याच क्षणी डोक्यात आली. चार-सहा महिन्यांत गावातली पाच-सात मशीनं अशीच खिडकी मिटून बसली होती. दर वेळी मी फॉरमॅटवाल्यांच्या नावानं बोटं मोडली होती. त्या सगळ्यांकडे निळी फ्लॉपी जाऊन आलेली होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची. कपाटातून मूळ सीडी काढली, तिच्यातली जुनी फाइल काढून जागेवर ठेवली, नवी उचलून पावतीच्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये टाकली. मशीन सुरू केलं. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. पावत्या जिथल्या तिथं. तिनं सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला.

मॅनेजर आला, मागून भाचा. काय होतं म्हणून विचारलं. त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं, चूक माझी आहे. दारात दोन-चार शेतकरी उभे होते, त्यातल्या एकाचा मुलगा माझ्या क्लासला यायचा. मी म्हणालो, व्हायरस होता, बाहेरची फ्लॉपी लागली. ज्या शब्दाला मी आयुष्यभर हसलो तोच माझ्या तोंडून निघाला, आणि भाच्याचा चेहरा उजळला.

मॅनेजरनं तिला विचारलं, फ्लॉपी कोणी लावली? ती माझ्याकडे पाहत होती. मी सीडी डबीत घालत होतो. ती डबी बंद करायला किती वेळ लागतो? मी खूप वेळ लावला.

"मीच लावली," ती म्हणाली.

कोणाची फ्लॉपी, हे त्यानं विचारलंच नाही. त्याला तेवढंच पाहिजे होतं. तिनं ओढणी नीट केली, खणातला डबा आणि वही घेतली, कीबोर्ड उचलून खालून काहीतरी काढून वहीत घातलं आणि गेली. मला वाटलं पेनबिन असेल. बाहेर पावत्या फटाफट निघायला लागल्या, रांग हलली, आणि लोक मला मास्तर, मानलं तुम्हाले, म्हणाले. मी मान डोलावली. इतका भिकारडा मी त्याआधी कधी नव्हतो.

अकरा दिवस मी स्वतःला वेगवेगळी कारणं सांगितली. बाराव्या दिवशी जिनिंगवर जाऊन मॅनेजरला सगळं सांगितलं, फ्लॉपी माझी, फाइल माझी, चिठ्ठी माझी. तो हसला. "तुमी भले माणूस हा मास्तर. पोरीसाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यले." मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यानं चहा मागवला. वर भाच्याला प्रिंटर जमत नाही, जरा पाहून जा म्हणाला. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात पटलं होतं.

तिथून तसाच तिच्या वडिलांच्या गॅरेजवर गेलो. ते एका इंजनावर वाकले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, स्कूटर काय म्हणते ते विचारलं, आणि मग म्हणाले की मुलगी पुसदला मामाकडे गेली आहे, तिथं शिवणाचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर काही काम पाहू का, असं मी विचारलं.

"नाई म्हणते. मशीनवर नाई बसत आता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी नटबोल्टच्या डब्याशेजारून एक घडी केलेला कागद काढला. "जातानी देऊन गेली. सरचं हाय म्हणे, आले तं देजा."

बियाण्याच्या जाहिरातीचा तुकडा होता. मागं माझं अक्षर, वळणदार, साहेबांसमोर लिहिलेलं. फाइल कुठं टाकायची ते, आणि खाली, मशीन जुनी फाइल बदलू का विचारेल, बेधडक हो दाब, मी आहे. त्याखाली माझी सही. कागदाच्या अर्ध्या भागाला हळदीकुंकू लागलेलं होतं.

म्हणजे त्या दिवशी ती चिठ्ठी मॅनेजरच्या पुढ्यातच होती, कीबोर्डखाली. तिनं फक्त कीबोर्ड उचलायचा होता. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली, आणि मी डबी बंद करत राहिलो.