मासे उन्हानं मेले नव्हते

इरफान सगळ्यांना कौतुकानं सांगतो, "ही माझ्यापासून काही लपवत नाही." एक गोष्ट लपवली आहे. त्याच्यापासून, अम्मीपासून, आणि सुनंदाकाकूंपासून तर — थांबा, त्यांच्यापर्यंत मला जरा हळू येऊ द्या. हे माझ्या तोंडून आज पहिल्यांदाच निघतंय.

आधी एवढं कळू दे, की ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं. पौडच्या बाजारात अब्बांचं कापडाचं दुकान, लवळ्याला माझं प्राणिशास्त्राचं एम.एस्सी., आणि इरफानशी ठरलेलं लग्न. ठरवलं घरच्यांनी, आम्ही त्याच्या कितीतरी आधी ठरवून बसलो होतो. कँटीनबाहेर तो मोटरसायकल लावून उभा राहायचा आणि स्टँडवरचे रिक्षावाले मला बघून उगाच हॉर्न वाजवायचे. मी रस्त्यानं गाणं गुणगुणायचे — बेसूर, आणि मोठ्यानं. तुम्ही कधी इतके खुशीत होतात का, की त्या खुशीला कुणाचा धक्का लागेल म्हणून भीती वाटावी?

इरफानच्या वडिलांचा कासार आंबोलीच्या पुढे, ओढ्याला लागून एक छोटा कारखाना आहे. नळांना, कड्यांना निकेल-क्रोमचा मुलामा चढवतात. माल धुतलेलं पाणी तेव्हा मागच्या पाइपातून सरळ ओढ्यात जायचं. आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला सुनंदाकाकूंचं शेततळं. काकू म्हणजे अम्मीची जुनी मैत्रीण. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात अम्मीच्या उशाशी बसलेली बाई. ओढ्याचं पाणी मोटरनं तळ्यात घ्यायच्या, त्यात रोहू-कटला वाढवायच्या, आणि शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्यांना विकायच्या.

त्या उन्हाळ्यात त्यांचे मासे वाढेनात. मग एकेक करून पोट वर करून तरंगायला लागले. काकू दुकानात आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तू मासळीचंच शिकतीयास न्हवं? बघ की गं, काय झालंय त्यास्नी."

मी लगेच गेले. चार मासे त्यांच्या तळ्यातले घेतले, चार कारखान्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या डोहातले. ते काम मला आवडायचं — लपवत नाही, त्यातही मी आनंदातच होते. आता जे सांगते ते सोपं आहे. पाण्यातले जड धातू कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात जातात आणि यकृतात साठतात. तिथं ऑक्सिजनचेच काही आडदांड कण तयार होतात आणि पेशींच्या पातळ पडद्याला कुरतडायला लागतात. त्यांना आवरणारी द्रव्यं माशाच्या शरीरात असतात. आधी ती जोरानं झुंजतात. विष रोजच येत राहिलं की थकतात. मासा बाहेरून धड दिसतो आणि आतून झिजत असतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. यकृताचा अर्क रसायन घालून तापवला की नळीत गुलाबी रंग येतो. जितकी झीज जास्त, तितका रंग गडद.

डोहातल्या माशांच्या नळ्या जेमतेम गुलाबी झाल्या. काकूंच्या माशांच्या — गुलाबजामच्या डब्यावरच्या कागदासारख्या भडक. पाणीही तपासून आणलं होतं. निकेल आणि क्रोमियम. वरच्या डोहात जवळजवळ काही नाही, खाली भरपूर. मधे कारखाना एकच.

मी नळ्यांकडे बघत असतानाच इरफानचा फोन आला. लग्नाची तारीख निघाली होती. तो ओरडत होता, मागे त्याच्या बहिणी ओरडत होत्या, आणि मीही ओरडले. खरंच ओरडले, प्रयोगशाळेतच. मग नळ्या धुऊन पालथ्या घातल्या.

संध्याकाळी काकूंना सांगितलं, "ऊन फार तापलंय, काकू. उथळ पाण्यात होतं असं."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "बरं झालं तुला इचारलं," म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला कामाला लावून तळ्यावर हिरवी जाळी ताणली. भर उन्हात.

मासे मरतच राहिले. पण सगळे नाही मेले, आणि हेच मला सांगायचं आहे. जगले ते त्यांनी विकले. घरीही शिजवले. नातवंडांना काटे काढून भरवले. ते मासे कसे आहेत हे अख्ख्या मुळशीत फक्त मला माहीत होतं. आणि मी काय करत होते? मेंदी कुणाकडून काढायची ते ठरवत होते.

लग्न थाटात झालं. हळदीला सगळ्यात जास्त नाचल्या त्या सुनंदाकाकू.

पुढच्या उन्हाळ्यात, सासरी रुळल्यावर, एकदा सकाळी चहा पिताना मी इरफानला म्हटलं, "ते पाइपातलं पाणी ओढ्यात जातं, त्यानं मासे मरत असतील." जणू तेव्हाच सुचलं. त्यानं कप तसाच ठेवला आणि वडिलांना हाक मारली. अब्बाजी, म्हणजे माझे सासरे, तापट माणूस. मी पदर आवळून उभी. त्यांनी ऐकलं, आणि कारखान्यात जाऊन स्वतःच्या हातानं पाइपाचं तोंड बंद केलं. जोवर पाणी साफ करायची टाकी बसली नाही, तोवर काम बंद ठेवलं. नंतर काकूंच्या अंगणात जाऊन हात जोडून आले. मला एवढंच म्हणाले, "बेटा, आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई बघ."

एवढंच होतं ते. चहा गार व्हायच्या आत झालं असतं — वर्षभर आधीही.

तळं उपसलं, गाळ काढला, विहिरीचं पाणी भरलं, माशांचं नवं बीज सोडलं. ते मासे मी तपासले तेव्हा नळ्या डोहातल्यासारख्याच फिक्या निघाल्या, आणि मी प्रयोगशाळेत पुन्हा ओरडले. गावानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, सगळं. काकू माइकवर म्हणाल्या, "हिच्यामुळं आमचं मासं वाचलं. लई गुणाची पोर हाय." टाळ्या पडल्या. मी नारळ घट्ट धरून हसले. फोटोत फार छान आले आहे.

मला वर्षभर आधी माहीत होतं. मी ऊन म्हणाले. माझ्या सुखासाठी म्हणाले, आणि ते सुख खरं होतं, आजही आहे.

परवा काकूंनी जेवायला बोलावलं. रोहूचं कालवण, भाकरी. पोरं अंगणात दंगा करत होती, अब्बाजी आणि काकूंचे मालक कशावरून तरी खदाखदा हसत होते. काकूंनी माझ्या ताटात डोक्याकडचा तुकडा वाढला, म्हणाल्या, "हा मान तुझा." मी तो खाल्ला. फार चवीचा होता. आणखी मागून घेतला.