लग्नाच्या कॅसेटमधला बर्फ

आमच्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने नवी म्हणून जुनीच कॅसेट वापरली होती, हे आम्हाला लग्नानंतर महिन्याभराने कळलं. नव्वदच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणायचा, सासर-माहेर एकत्र बोलवायचं आणि आपलंच लग्न पुन्हा लावून घ्यायचं, अशी पद्धत होती. नाशिकला आमच्या दोन खोल्यांत वीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर मी मुंडावळ्या बांधून, परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखा चेहरा करून उभा होतो. त्यावर सगळ्यांचं हसून झालं आणि पाठवणी आली. बायको रडत गाडीत बसली, दार लागलं, गाडी सुटली. मागून माझे सासरे एक लाल वॉटरबॅग उंच धरून तीन पावलं पळाले. प्रवासात लेकीला पाणी लागेल म्हणून भरलेली वॉटरबॅग द्यायची राहून गेली होती. चौथ्या पावलाला पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एकदम बर्फ पडायला लागला.

जुनं कार्टून होतं. कुठल्या देशातलं, कुणी काढलेलं, देव जाणे. सुरुवात आमच्या लग्नाखाली गेलेली. उरलेल्या सहा-सात मिनिटांत एक आखूड पायांचा पोरगा बर्फात एका झाडापाशी थांबलेला. गळ्यात लांबलचक लाल मफलर. संवाद नाहीत, नुसती व्हायोलिन. तो निघतो तेव्हा मफलरचं टोक फांदीला अडकतं, आणि हा चालत जाईल तसा मफलर उसवत जातो. त्याला पत्ताच नाही. एक मुलगी तो धागा बघते आणि गुंडाळत गुंडाळत त्याच्या मागे निघते. टेकड्या, पूल, गोठलेली नदी. शेवटी तो दमून एका ओंडक्यावर बसतो, गळ्याला हात लावतो, तर काही नाही. तेवढ्यात ती समोर येते. हातात हा एवढा लोकरीचा गोळा. दोघं बसतात, आणि ती विणायला घेते. संपलं.

कुणीतरी म्हणालं, "बंद करा, पोरांचं दिसतंय." तेव्हा सायखेड्याहून आलेले सासरे, ज्यांना बायको आप्पा म्हणायची, मान हलवून म्हणाले, "एवढ्या थंडीत बाग गेली असती यांची."

त्यांची द्राक्षबाग होती. डिसेंबरात पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवून धूर करत फिरण्यात जन्म गेलेला. बर्फात प्रेम कसलं करता, आधी घड वाचवा, असं त्यांचं म्हणणं.

पुढे घरात व्हीसीआर आला आणि आप्पा आले की कॅसेट लागायची. स्वतःला पळताना बघून दरवेळी हळहळायचे, "आरं, वॉटरबॅग राहिली हाय!" जणू या खेपेला गाडी थांबेल. बायको पाठवणीला दरवेळी ठरल्या जागी डोळे पुसायची. मग बर्फ पडायला लागायचा आणि ती मांडी घालून नीट बसायची. आयुष्यात तिने बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवरचा. पण त्या पोराबद्दल तिला फार काळजी. "तो झाडापाशी का थांबला असेल हो?"

मी म्हणायचो, "बसची वाट बघत असेल."

"तुमच्याकडून दुसरं काय निघणार!"

पुढे आप्पा गेले. त्यांचे फोटो होते, पण फोटोत ते खुर्चीला खिळल्यासारखे. चालतेबोलते आप्पा फक्त त्या कॅसेटमध्ये होते, आणि तेही तीनच पावलं. बायको मग सबंध लग्न बघेनाशी झाली. शेवटाला कॅसेट आणून लावायची, आप्पा पळायचे, ती रडायची, बर्फ पडायचा, आणि रडणं हळूहळू थांबायचं. लोकरीचा गोळा पुरा होईपर्यंत ती उठून कुकर लावायला गेलेली असायची. मी हे वर्षानुवर्षं बघत होतो. मला वाटायचं, तिला कार्टूनची आवड आहे.

दोन हजार सालानंतर कॅसेटला बुरशी लागली. आप्पांच्या अंगावर पांढरे पट्टे यायला लागले. मंडईच्या बाजूला एक दुकानदार कॅसेटची सीडी करून द्यायचा. निघताना बायकोने दारात बजावलं, "शेवटचं बर्फाचं राहू द्या म्हणावं. सांगाल ना?"

"सांगतो गं. एवढं काय त्यात?"

दुकानदाराने कॅसेट उघडून नाक मुरडलं. "काका, मशीनवर जेमतेम एकदा चालेल, मग तुटणार. काय काय घ्यायचं ते आत्ताच सांगा. लग्नानंतर काही आहे का?"

मी तोंड उघडलं, तर मागून आवाज आला, "लग्नानंतर काय असतं राव!" सातपूरच्या कारखान्यातले माझे साहेब मागेच रांगेत उभे होते. सगळं दुकान हसलं. मीही हसलो, साहेबांच्या विनोदाला हसायची सवय होती. आणि त्या हसण्यात, चाळिशीला टेकलेल्या गृहस्थाने 'पुढे एक कार्टून आहे, तेवढं ठेवा' असं सांगणं माझ्याच्याने होईना. तपासणी खात्यात होतो मी. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घ्यायचो. स्वतःची चूक समोर घडताना मी म्हणालो, "काही नाही. लग्न तेवढं घ्या."

रविवारी सीडी लावली. शेजारी बायको, मांडीला टेकून आमची लहानगी लेक. आप्पा पळाले, वॉटरबॅग उंच झाली, आणि पडदा निळा झाला. बायकोचे डोळे भरलेले, हात पदराला. ती वाट बघत होती. निळा तसाच राहिला.

"बर्फ?"

"बुरशीने खाल्लं," मी म्हणालो.

तिने विश्वास ठेवला, हे सगळ्यात वाईट. कॅसेट दुकानदाराच्या मशीनमध्येच तुटली होती, म्हणून मी सीडीची दुकानं पालथी घालायला लागलो. नाव माहीत नाही, म्हणून करून दाखवायचो. काउंटरपुढे हवेत लोकर गुंडाळणारा जाड माणूस बघून एकाने मला विणकाम शिकवणारी सीडी दिली, एकाने पतंगाच्या मांज्याचं दुकान दाखवलं. देवळाली कॅम्पपर्यंत जाऊन आलो. कुणाकडे काही नव्हतं.

सीडीचं काम असं की ती खराब होत नाही. आप्पा स्वच्छ दिसत, स्वच्छ पळत, आणि बायको रडायला लागली की तिला थांबवायला पुढे काही नसे. एका रविवारी ती निळ्या पडद्यापुढे इतका वेळ बसली, की लेकीने विचारलं, "आई, आता काय होतं?" बायको तिला बर्फाचं सांगायला लागली. फांदी, धागा, पूल. हाताने गोळा गुंडाळत होती. नदीनंतर काय ते तिला आठवेना. माझ्याकडे बघितलं. त्या घडीला मलाही आठवेना. आणि मला राहवलं नाही. दुकान, रांग, साहेब, सगळं सांगून टाकलं.

तिचा हात हवेत तसाच थांबला.

"आप्पा साठीला आले होते," ती सावकाश म्हणाली. "एवढ्या वऱ्हाडादेखत वॉटरबॅग घेऊन पळाले. कोण हसेल, याचा विचार केला नाही. गाडी मिळणार नाही हे दिसत होतं, तरी तीन पावलं पळाले." मग उठली. "तुम्हाला तर नुसतं बोलायचं होतं."

ती कुकर लावायला गेली. लेकीने विचारलं, "पप्पा, बंद करू का?"

मी म्हणालो, "थांब जरा." कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.