डावीकडची जागा

भर दुपारी अंगणात बसून सिगारेट ओढणारा माणूस तिचा निखारा मुठीत कशाला लपवेल? दाजी लपवायचे. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कुकरची शिट्टी झाली की दचकून भिंतीला पाठ लावतात. सीमेवरच्या चौकीत निखारा दिसला की समोरून गोळी यायची, तेव्हाची ही सवय. सिगारेट अर्धी झाली की ते डावा हात बाजूला पुढे करायचे. तिथे कोणीच नसायचं. हात क्षणभर तसाच राहायचा आणि मग परत यायचा.

"तिकडं एक सिगारेट दोघांत असायची," ताई एकदा हळूच म्हणाली. "जोडीदार यांच्या डाव्या अंगालाच पडला गं. परत उठलाच नाही."

पुढे छातीनं दगा द्यायला सुरुवात केली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शहाण्या; त्यांनी नुसतं "सोडा" म्हटलं नाही. आधी त्या चौकीबद्दल बोलू दिलं, मग सिगारेटऐवजी चघळायच्या गोळ्या दिल्या. दाजींनी खरंच सोडली. ताईनं देवापुढे साखर ठेवली.

सुटतं म्हणजे नेमकं काय सुटतं, कोण जाणे. काल मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले होते, उजवीकडे. डावीकडे आमच्यात कोणी बसत नाही. दाजींनी खिशातून गोळी काढली, दातांनी तिचे दोन तुकडे केले आणि एक तोंडात ठेवला.

दुसरा तळहातावर घेऊन त्यांनी डावा हात पुढे केला.