उखर्डू आबांनी क्लब सोडला आणि क्लब जिंकायला लागला

नशिराबादच्या नवजवान फुटबॉल क्लबची मॅनेजरकी उखर्डू आबांनी अठ्ठावीस वर्षं केली. या अठ्ठावीस वर्षांत क्लबने एकही चषक जिंकला नाही, आणि गावातलं एकही माणूस रुसलं नाही. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे, असं आबांचं प्रामाणिक मत होतं.

आबांची टीम निवडायची पद्धत लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीसारखी होती. वरच्या गल्लीतले तीन, खालच्या गल्लीतले तीन, मळ्याकडचे दोन, एक सरपंचांच्या घरातला, एक माजी सरपंचांच्या घरातला, म्हणजे पुढची निवडणूक कशीही लागो. उरला गोलकीपर. तो मात्र खेळता येणारा घ्यायचे, कारण तिथे उभं राहायला कुणाचाच बाप मुलाला सोडत नसे. कप्तानपद दरवर्षी घरोघर फिरायचं. पहिल्या फेरीत पाच गोल खाऊन मंडळी परत यायची, पण येताना टेम्पोत गाणी म्हणत यायची.

शेवटी आबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मुलगा हितेंद्र धुळ्याला नोकरीला, तो आई-वडिलांना तिकडे घेऊन गेला. निरोपाच्या दिवशी अकरा हार आले. प्रत्येक गल्लीचा वेगळा.

नवा मॅनेजर कोण, यावर कमिटीत तीन बैठका झाल्या. ज्याचं नाव निघे त्याच्या नावाला कुणाचा तरी मेहुणा हरकत घेई. सरतेशेवटी नाव पुढे आलं शाळेतल्या खेळाच्या कामिनी मॅडमचं. त्या शिरपूरकडच्या. गावात त्यांचं कुणीच नातेवाईक नाही, म्हणून हरकत घ्यायला कुणाला कारण सापडेना. बाई फुटबॉल खेळलेल्या आहेत, हे कमिटीला नंतर कळलं.

मॅडमना कोण कुणाचा भाचा, कोण कुणाचा चुलतभाऊ, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पोरांना आठ दिवस पळवलं आणि जे बरे पळाले ते अकरा घेतले. खालच्या गल्लीतले सात आले, वरच्या गल्लीतला एक. मॅडमच्या हातून बाँब फुटला होता आणि बाईंना आवाजसुद्धा ऐकू आला नव्हता.

त्या वर्षी क्लबने खान्देश चषकाच्या चार फेऱ्या ओळीने जिंकल्या.

धुळ्याच्या फ्लॅटमध्ये आबा पेपर उघडायचे आणि मिटायचे. सुगंधाबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "काहो, हरले का?"

"नाही."

"मग असं तोंड काहून झालं तुमचं?"

आबांना हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. आपण असताना अठ्ठावीस वर्षं हार, आपण गेलो आणि सहा महिन्यांत फायनल. नशिराबादच्या पारावर काय चाललं असेल ते त्यांना इथे बसून ऐकू येत होतं. फायनल धुळ्यालाच होती, धुळ्याच्याच टीमशी, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आबांनी गुडघे दुखतात म्हणून सांगून ठेवलं होतं. आणि खरं बोलायचं तर, रोज सकाळी देवासमोर हात जोडले की मनात एकच विचार यायचा: हरावेत. फार नाही, एका गोलने.

फायनलच्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला.

"आबा, मी कामिनी. मॅच चारला आहे आणि योगराज नाही."

योगराज म्हणजे तोच तो गोलकीपर. आबांच्या यादीतून मॅडमनी कायम ठेवलेला एकटा.

"नाही म्हणजे?"

"त्याच्या काकांनी त्याला पहाटेच मुलगी पाहायला नेलं. पारोळ्याला."

आबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा काका म्हणजे नथ्थू. घरात चालतं त्याचंच. नथ्थूचा स्वतःचा मुलगा तेजस सात वर्षं लेफ्ट बॅक होता आणि मॅडमनी त्याला राखीव बाकावर बसवला होता. मुलगी पाहायला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पडलेत. नथ्थूने नेमका आजचा काढला. रुसावं कसं, हे नथ्थूकडून शिकावं.

आता आबांनी काही करायचं नव्हतं. "असं का? वाईट झालं," म्हणून फोन ठेवला असता तरी चाललं असतं. संध्याकाळपर्यंत सगळा गाव म्हणाला असता, आबांच्या वेळी असं होत नव्हतं. सुगंधाबाई दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. चांगुलपणा जागा व्हायला आबांना वेळ लागला असता, पण चौकसपणा त्याच्या आधी उठला.

"पारोळ्यात कुणाकडे?" आबांनी विचारलं.

"रुपचंद म्हणून कुणीतरी आहेत."

"ताईबाईचा रुपचंद?" आबा खुर्चीतून उठले. गुडघ्यांना कळायच्या आत उठले. "मॅडम, तुम्ही पोरांना घेऊन निघा. योगराजचं मी बघतो."

ताईबाई म्हणजे रुपचंदची आई, मुलीची, भूमिकाची, आजी. मूळची नशिराबादची, पारोळ्याला नांदायला गेली त्याला पन्नास वर्षं झाली. बोली पारोळ्याची झाली, तोरा माहेरचाच राहिला. आबांनी तिलाच फोन लावला.

"अक्का, मुलगा पाहिला का?"

"देखी रायनू. पोहा खाई रायना."

"पोहे तर कुणीही खातो, अक्का. नथ्थू काय सांगतोय?"

"तो म्हणस, असा पोरगा बठ्ठा जिल्हामा नही शे."

"मग तपासून घ्या ना. चारला धुळ्याला तो गोलात उभा राहणार आहे. त्याच्या हातात काय टिकतं आणि काय निसटतं, ते लग्नाआधी दिसलेलं बरं. आणि तुमच्या माहेरचा क्लब आहे, अक्का. फायनल आहे."

पलीकडून ताईबाईंचा आवाज आला, पण तो आबांसाठी नव्हता: "रुपचंद! गाडी काढ! भूमिकाले सांग, तू बी चाल!"

नथ्थूची पंचाईत अशी, की तासभर स्वतःच्याच तोंडाने पुतण्याचं कौतुक करून बसलेला. आता मुलीकडचे परीक्षा घेऊ म्हणतात, तर नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तोही गाडीत बसला, खिडकीकडे तोंड करून.

आबा आणि सुगंधाबाई रिक्षाने मैदानावर पोहोचले तेव्हा पारोळ्याची जीपही येत होती. जीपमधून नऊ माणसं उतरली आणि शेवटी योगराज, नव्या शर्टात, कपाळावर कुंकू. पाच मिनिटांत तो हातमोजे घालून गोलात उभा होता. पण कुंकू पुसायचं राहिलं, आणि नजर चेंडूवर राहीना. आठव्या मिनिटाला धुळ्याच्या पोराने मारलेला साधा सरपटी चेंडू त्याच्या पायांमधून गेला.

"हाई काय व्हयनं!" ताईबाईंचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. भूमिकाने ओढणीत तोंड लपवलं. हसत होती की लाजत होती, यावर पारोळ्यात अजून दोन मतं आहेत.

आबांच्या लक्षात आलं, की आपण शिवी हासडली. म्हणजे आपल्याला हरायचं नव्हतं. सकाळी देवाला केलेली मागणी त्यांनी तिथल्या तिथे, मनातल्या मनात, मागे घेतली.

शेजारी तेजस मोबाइलवर मॅचचं शूटिंग करत होता. गडी खुशीत दिसत होता.

"तुला वाईट नाही वाटत? बाकावर बसवलं तुला," आबा म्हणाले.

"आबा, एक विचारू? सात वर्षं मले लेफ्ट बॅक काहून ठेवलं तुम्ही? मले पळायला आवडतच नाही."

"तुझ्या बापासाठी ठेवलं."

"मग बापालेच घ्यायचं ना!"

आबांना हसू फुटलं, आणि ते आवरेना. सात वर्षं त्यांनी एका माणसाचा मान राखला होता आणि ज्याला पळवलं त्याला विचारलंच नव्हतं. असे आणखी किती असतील, ते मोजायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

उत्तरार्धात नशिराबादने गोल फेडला. वेळ संपली, एक-एक. पेनल्टी आल्या. योगराजने पहिली अडवली तेव्हा ताईबाई उभ्या राहिल्या. पुढच्या तीन गेल्या. शेवटची धुळ्याच्या कप्तानाची. ती अडली की चषक नशिराबादचा. योगराज उजवीकडे झेपावला, चेंडू छातीशी घट्ट धरला आणि बराच वेळ उठेचना. पोरं त्याच्या अंगावर पडली. कामिनी मॅडम चपला हातात घेऊन मैदानात धावल्या. आबाही निघाले होते; सुगंधाबाईंनी मागून सदरा धरला म्हणून थांबले.

ताईबाईंनी निकाल दिला: "पोरगा चांगला शे. पहिला गोल सुटना, त्यानं काय!"

मग फोटोची वेळ आली आणि नथ्थू जीपमधून उतरेना. आबा जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"चल, चषक धरायचाय."

"मी काहून धरू? मी तर पोराले खेळू देत नव्हतो. बठ्ठ्यांना माहीत आहे."

"अरे, तू ही सोयरीक काढली नसतीस, तर पारोळ्याची नऊ माणसं ओरडायला आली असती का? पोरगं कुणाच्या भीतीने झेपावलं, सांग बरं! मॅडमच्या?"

नथ्थूने विचार केला. त्याला पटायला लागलं, आणि पटलं तसा तो खाली उतरला. आबांनी त्याला मधोमध उभं केलं, चषकाचा एक कान त्याच्या हातात, दुसरा मॅडमच्या. मग वरच्या गल्लीतल्यांना पुढे घेतलं, भूमिकाला ताईबाईंच्या आड उभं केलं आणि योगराजला दुसऱ्या टोकाला, म्हणजे फोटोवरून कुणी बोलायला नको.

मॅडम हे सगळं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आबा, हे मला नाही जमायचं."

"अकरा तुम्ही निवडा. रुसलेले माझ्याकडे धुळ्याला पाठवून द्या."

"किती असतील?"

"जिंकत राहिलात तर पुष्कळ," आबा म्हणाले आणि नथ्थूची टोपी सरळ करायला लागले, कारण उजेड चालला होता आणि फोटोवाला केव्हाचा ओरडत होता.