नाकाची हजेरी

इंदूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. बाईंना मालवणी मसाला हवा होता, पण तिखट नको होता, आणि रंग मात्र लालभडक हवा होता. मग कुंकूच घेऊन जा, असं मी त्यांना सांगत होतो. तेवढ्यात मोबाईलवर सविताचं, म्हणजे इंदूताईंच्या मुलीचं नाव दिसलं. "शेट, आई गेली. पहाटेच. झोपेतच होती..." मी फोन खिशात टाकला. बाईंना हवी तशी, रंगाची बेडगी मिरची जास्त घालून दिली आणि शटर अर्धं खाली ओढलं. लालबागच्या आमच्या मसाला गल्लीत सकाळी अकराला शटर खाली आलं की माणसं चौकशीला येतातच. आली. "कोण गेलं?" "इंदूताई परब." तर शेजारचा दुकानदार म्हणतो, "कोण, ती हजेरीवाली?" हो, तीच. तिच्या नावाने अख्ख्या गल्लीने पंधरा वर्षं नाकं मुरडली.

तेराव्याला नायगावला गेलो. बीडीडी चाळीतली खोली सोडून त्या नव्या इमारतीत येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. खालच्या हॉलमध्ये माणसं जमली होती. कुणीतरी सभ्य गृहस्थ उठले आणि सुरू झाले, "इंदूताई भाग्यवान, शेटसारखा देवमाणूस मालक मिळाला, किती उपकार केले त्यांनी..." मला राहवलं नाही. तेराव्याला भांडू नये हे मलाही कळतं, पण मी उठलो आणि म्हटलं, साहेब, खाली बसा. मी देवमाणूस नाही, मी दुकानदार आहे. चिक्कू दुकानदार आहे, गल्लीत कुणालाही विचारा. मी तिच्यावर काडीचे उपकार केले नाहीत. तिने माझं दुकान वाचवलं, आणि तेही मी तिच्यावर ओरडत असताना. ते गृहस्थ खाली बसले. सविता मात्र रडता रडता हसली. तिला ती गोष्ट ठाऊक होती. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे लोक मिरच्या आणि गरम मसाल्याचं सामान घेऊन येतात, आम्ही ते भाजून डंकीवर कांडून देतो. उन्हाळ्याचे अडीच-तीन महिने आमचा सीझन. वर्षाचा मसाला लोक एकदाच करून ठेवतात, त्यामुळे तो बिघडला तर घराचं वर्ष बिघडतं. आणि मसाला बनतो तो डंकीवर नाही, कढईवर बनतो. धणे किती भाजायचे, खसखस कधी उतरवायची, दगडफुलाला किती आच द्यायची, याला घड्याळ नसतं. ते नाकाने कळतं. इंदूताई वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे भाजायला होत्या, आणि असं नाक मी दुसरं पाहिलं नाही. कढईकडे पाठ करून मिरच्यांची देठं काढत बसलेल्या असायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "शेट, पलीकडच्या कढईतले धणे उतरवा." भाजणारी चिडायची, अजून कच्चे आहेत म्हणायची. चाखून बघावं तर धणे बरोबर झालेले. गिरगावातल्या, दादरच्या, माझगावच्या बायका आमच्याकडे यायच्या त्या डंकीसाठी नव्हे, कढईवर इंदूताई बसतात म्हणून यायच्या. हे मला कळत होतं, पण कळूनही मी कधी बोललो नाही. बोललो तर ती पगार वाढवून मागेल अशी भीती. असा मी देवमाणूस.

मग एका सीझनला गिरगावच्या एक बाई, वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, डबा घेऊन परत आल्या. भांडल्या नाहीत. डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "जरा चाखून बघा." चिमूट जिभेवर ठेवली आणि माझं तोंड कडू झालं. धणे करपले होते. अख्ख्या वर्षाचा मसाला, आणि त्याची आमटी मुलीच्या सासरच्या माणसांना वाढून झाली होती. मी आत गेलो आणि सगळ्या बायकांसमोर इंदूताईंवर ओरडलो, "नाक कुठे ठेवलं होतंत?" त्यांनी उलथणं खाली ठेवलं. चिडल्या की त्या मालवणीवर यायच्या. "नाक? माझा नाक तुमच्या कढईत गेला, शेट. तीन आठवडे झाले, माका वास येणा नाय." मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? त्यावर त्या जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत. घरी बसवलं की खाडा. खाडा धरणाऱ्याला कोण खरं सांगतं?"

खाडा म्हणजे गैरहजेरी, त्या दिवसाचा रोज बुडाला. आमच्या गल्लीत तो देवाच्या नियमासारखा पाळतात. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. उलट बोलली म्हणून डोकं फिरलं, आणि मी त्यांना जा म्हणालो. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन नव्या बायका आणल्या. आठवडाभरात त्यांनी आणखी दोन घरांचे मसाले बिघडवले, एक कच्चा आणि एक जळका, आणि दोघींपैकी एक खोकून खोकून चौथ्या दिवशी पळून गेली. आमच्याकडे तेव्हा धूर बाहेर जायला एक खिडकी होती, आणि ती उघडली की शेजारचा बोंब मारायचा, म्हणून ती बंद. मिरचीचा खाट, तो झोंबणारा धूर, उठला की डोळ्यांतून पाणी, छातीत जाळ. बायका तोंडाला पदर लावून बसायच्या. मी समोर गल्ल्यावर बसून म्हणायचो, सवय होते.

शेवटी मी झक मारत नायगावला गेलो, तेव्हाच्या त्यांच्या चाळीतल्या खोलीत. त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला, आणि चहा होईतो माझ्यासमोर मूठ धरली. "शेट, डोळे मिटा. ह्यात काय हाय?" मी वास घेतला. दोनदा घेतला. काहीच नाही. अंदाजाने म्हटलं, वेलची. त्यांनी मूठ उघडली. लवंगा होत्या, चांगल्या आठ-दहा. मला लवंगेचा वास आला नाही... मसाल्याचा दुकानदार मी. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी गल्ल्यावर बसता, दारात, वाऱ्यावर. तरी ही गत. आमी कढईवर बसतो." त्या वेळी मला त्यांची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला भीती वाटली. माझ्या दुकानात विकण्यासारखी एकच गोष्ट होती, आठ बायकांची नाकं, आणि ती मी स्वतःच्या हाताने जाळत बसलो होतो.

परत येण्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी साध्या होत्या. कढयांवर धुराडं आणि वरपर्यंत पंखा. एक तास कढईवर, मग अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेत, मग सीझन असो की गल्लीत रांग लागलेली असो. सीझनच्या आधी आणि नंतर डॉक्टरकडून छाती तपासणी. आणि रोज सकाळी शेगड्या पेटवायच्या आधी हजेरी. ही हजेरी नावाची नव्हे, नाकाची. इंदूताई मुठीत काहीतरी घ्यायच्या, कधी मेथी, कधी शहाजिरं, कधी त्रिफळ, आणि एकेकीसमोर धरायच्या. वास ओळखला तर कढई. ओळखला नाही तर त्या दिवशी निवडायचं, देठं काढायची, चाळायचं. पण त्या दिवसाचा रोज पूर्ण. खाडा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात जड गेली. मी म्हटलं, इंदूताई, सगळ्या रोज नाक चोंदलं म्हणून सांगतील आणि निवडत बसतील. त्या म्हणाल्या, "बघू या ना. दोन महिने बघू या."

दोन महिन्यांत कुणीही खोटं बोललं नाही. ज्या बाईला आपल्या हाताचा अभिमान आहे तिला निवडायला बसणं आवडत नाही, हे मला इतकी वर्षं दुकानात बसून कळलं नव्हतं. उलट पहिल्यांदाच बायका खरं सांगायला लागल्या. "आज येत नाय, शेट." बस, एवढं एक वाक्य. त्या एका वाक्याने माझे किती मसाले करपायचे वाचले ते मोजता येणार नाही, कारण जे करपलं नाही ते कुणी परत आणून काउंटरवर ठेवत नाही. गिऱ्हाइकांनी सुरुवातीला कटकट केली. रांग एवढी आणि तुमच्या बायका बाहेर कट्ट्यावर बसून चहा पितायत? मी म्हणायचो, बसू देत, तुमच्याच मसाल्यासाठी बसल्यात. पुढे तीच गिऱ्हाइकं शेजारणींना घेऊन यायला लागली, सकाळची हजेरी बघायला. गल्लीतल्या बाकीच्या दुकानांत सीझनच्या मध्यावर बायका आजारी पडतात, गावी निघून जातात, आणि मालक नव्या शोधत फिरतात. माझ्याकडे त्याच बायका पुढच्या सीझनला परत येतात. एक मुंबई सेंट्रलहून येते, वाटेत चार दुकानं सोडून. गल्लीतले दुकानदार एकदा शिष्टमंडळ घेऊन आले होते, तुम्ही आमच्या बायकांना बिघडवताय म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुमचे मसाले कोण बिघडवतंय ते आधी बघा. तेव्हापासून ते माझ्याशी गणपतीच्या वर्गणीपुरतं बोलतात. माझं काही अडलेलं नाही.

इंदूताईंचं नाक मात्र परत आलं नाही. त्या पुन्हा कधी कढईवर बसल्या नाहीत. त्यांची हजेरी त्यांनी स्वतः घेतली आणि स्वतःला नापास केलं. पंधरा वर्षं त्या निवडायला बसल्या आणि तिथून पोरींना शिकवत राहिल्या, धण्याची तडतड कानाने ऐकून. नाक गेलं म्हणून काय झालं, कान आहेत, म्हणायच्या. छाती मात्र पोखरली गेलीच होती. परळच्या इस्पितळात तरुण डॉक्टरने फोटो बघून विचारलं, "मावशी, विडी ओढायचात का?" त्या म्हणाल्या, "विडी नाय, मिरची." डॉक्टर हसला. मला हसू आलं नाही. धुराडं आमच्या वडिलांनी बसवायला हवं होतं. त्यांनी नाही, तर मी पहिल्याच वर्षी. मी वाट पाहिली ती एक गिऱ्हाईक डबा घेऊन परत येईपर्यंत. आधीची पंधरा-वीस वर्षं तिने जे छातीत घेतलं त्याला जबाबदार मी आहे, आणि हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तेराव्याला उपकाराची भाषणं झाली आणि हे कुणी बोललं नाही. शेवटचा भेटलो तेव्हा नाकाला नळी होती. बोलताना दम लागत होता, तरी विचारलं एकच. "हजेरी घेतंत ना पोरी?" मी म्हटलं, घेतात. "तुमी नको घेऊ. तुमका वास येत नाय."

ती गेली आणि आठवड्याने माझा मुलगा निनाद म्हणाला, "बाबा, त्या होत्या तोवर ठीक होतं. आता पाकिटांच्या ऑर्डरी आहेत. दर तासाला अर्धा तास कोण थांबणार? ही नाकाची नाटकं या सीझनपासून बंद. मी स्वतः उभा राहतो, बघतो कसं होत नाही ते." निनाद मेहनती आहे, वाईट नाही. माझ्यासारखाच आहे, माझ्या त्या वयातला. मी त्याला सांगितलं, एक सीझन पुरे होईल. एका सीझनमध्ये बायका पुन्हा लपवायला शिकतील, आणि तुला कळेल तेव्हा डबा काउंटरवर आलेला असेल. तो म्हणाला, "जुना काळ संपला, बाबा." दुकान आता कागदावर त्याच्या नावावर आहे. मी फार तर भांडू शकत होतो. भांडलो. आठवडाभर घरात दोघांची तोंडं दोन दिशांना.

गेल्या सोमवारी सीझन सुरू झाला. त्याआधी तीन दिवस निनाद खरंच स्वतः राबला होता, मिरच्या चाळल्या, डंकी साफ केली, शिंकून शिंकून डोळे लाल. सकाळी तो अॅप्रन चढवून पहिल्या कढईपाशी उभा राहिला. शेगड्या पेटवा म्हणणार, तेवढ्यात सुशीला, आता सगळ्यांत जुनी भाजणारी, मूठ घेऊन पुढे आली. कुणाला विचारलं नाही. एकेकीसमोर मूठ धरत गेली. मंदाला वास आला नाही, ती मुकाट निवडायला बसली. मग सुशीला निनादसमोर उभी राहिली. "दादा, कढईवर तुम्ही बसणार ना? मग डोळे मिटा." त्याने माझ्याकडे बघितलं. मी गल्ल्याकडे बघितलं. बाहेर रांग लागली होती आणि सगळ्या बायका बघत होत्या. अंदाजाने काहीतरी ठोकून देणं सोपं होतं, मी दिलंच होतं एकदा. त्याने वास घेतला. परत घेतला. डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, "नाही येत."

दुकानात कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "बस मग निवडायला. खाडा धरत नाही आपण." त्याने अॅप्रन काढून सुशीलाला दिला आणि मंदाच्या शेजारी स्टूल ओढलं. तिने अर्ध्या मिरच्या त्याच्या सुपात ओतल्या. मी पावत्या फाडायला लागलो, रांग पुढे सरकत राहिली. दहाला मी घड्याळाकडे बघितलं आणि हाक मारायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी आतून आवाज आला, नाक चोंदलेला, माझ्या मुलाचा. "सुशीलाताई, तास झाला. उठा."