हाताच्या ठशाला लावलेलं कुंकू

युटाच्या वाळवंटातल्या घळींमधून पाठीवर बोजा घेऊन चालायचं ठरलं, तेव्हा आम्ही राहतो त्या ट्रॉय शहरातल्या ओळखीतून चौघंच निघालो: शिरीषकाका, सुनंदाकाकू, माझी रूममेट गौरी आणि मी.

सॉल्ट लेक सिटीपासून निम्मा दिवस ड्राइव्ह आहे. शेवटचा रस्ता कच्चा, पाऊस असेल तर जाऊच नका. परमिट आधी काढा आणि गाइड घ्याच, कारण कुठल्या झऱ्याला पाणी उरलंय ते त्यांनाच माहीत असतं. आमची गाइड डॅना. तिने निघतानाच बजावलं होतं: जुन्या घरांच्या भिंतींना हात लावायचा नाही, खापराचा तुकडाही उचलायचा नाही, शौचाची पिशवीसुद्धा परत न्यायची. काकू दशम्या वाटत मान डोलवत होत्या.

दुसऱ्या दुपारी कड्याच्या कपारीत इथल्या मूळ रहिवाशांची, प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांची, शेकडो वर्षांपूर्वीची घरं दिसली. गिलाव्यात बोटं उमटलेली. भिंतीवर पांढरे पंजे, त्यातला एक लहान मुलाचा. डॅना खाली पाणी गाळायला गेली. मी वळून बघते तर काकूंनी डबी काढून त्या इवल्या पंजाला ओलं कुंकू लावलेलं.

"काकू, हे काय केलंत?"

"अगं, लग्नघरात उमटवतात तसाच हात आहे. त्याला नुसता सोडून पुढे जायचं?"

काका वेट वाइप घेऊन पुढे झाले. मी त्यांचा हात धरला. घासलं असतं तर पंजाही गेला असता. डॅनाला सांगायला हवं म्हटल्यावर ते माझ्यावरच उखडले. एवढासा टिपका, डॅनाला सांगून आपल्या लोकांचं नाव कशाला घालवतेस? गौरीही म्हणाली, जाऊ दे ना यार, श्रद्धेने केलंय. मी म्हटलं, आपल्या गाभाऱ्यात कुणी परका बूट घालून शिरला आणि मनापासून आलो म्हणाला, तर चालेल आपल्याला? चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी अक्षरांच्या आधी शिकले. खाली जाऊन डॅनाला सांगितलं.

डॅना ओरडली नाही. फोटो काढले, हे वर कळवावं लागेल म्हणाली आणि ट्रिप तिथेच संपवली. डाग निघेल का, तिलाही सांगता येईना. ही घरं बांधणाऱ्यांचे वंशज इथे अजून येतात, एवढंच बोलली. परतीच्या वाटेवर काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

घरी आल्यावर काकूंचा फोन आला, हळू आवाजात. "त्या डॅनाचा नंबर दे. तिथे येतात त्या वंशजांशी मलाच बोलायचंय. यांना सांगू नकोस."

नंबर दिला. तरी माझा राग गेला नाही. काकू माफी मागतील. ती त्यांना मिळेलही. आणि ते मूल कुंकू लावलेल्या हाताने तिथेच राहील.